सेन्सर हलवून चित्र स्थिर: एका प्रात्यक्षिक मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

१४ जून, बेळगाव

पहिलीच नोंद, म्हणून काय करायचंय ते नीट लिहून ठेवतो. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आतला सेन्सरच, म्हणजे चित्र टिपणारी चिपच, हलवतात. कॅमेरा खोलल्याशिवाय ते दिसत नाही, आणि खोलला तरी हालचाल इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. तेच काम उघड्यावर, टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं करून दाखवायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हे मॉडेल खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत न्यायचं आणि सगळं मराठीतून समजावायचं, असं पक्कं केलंय. आमच्या भागातल्या मुलांच्या हातात मोबाइल आहेत, लग्नात आणि मिरवणुकीत ती सराईतपणे शूटिंग करतात. पण आत काय चालतं हे त्यांना त्यांच्या भाषेत कुणी उघडून दाखवत नाही. मला ते दाखवायचंय.

माणसं तीन. मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पुतणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोड तिचा. आणि उद्यमबाग या इथल्या औद्योगिक भागातले अण्णा, ज्यांच्या लेथवरून आयुष्यभर मायक्रॉनच्या हिशेबाचे जॉब गेले. त्यांना कल्पना सांगितली तर म्हणाले, "हलूलालंय ते थांबवायला आणि एक हलवायचं म्हणतोस? बरं, ड्रॉइंग आण." ड्रॉइंगशिवाय अण्णा कशालाही हात लावत नाहीत.

२१ जून

आधी गणित, कारण आकार त्यावरच ठरणार.

कॅमेरा थोडा वर झुकला की लांबच्या वस्तूची प्रतिमा सेन्सरवर सरकते. किती? फोकल लेंथ (लेन्सवर मिमीत कोरलेला आकडा) गुणिले झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट. ५० मिमी लेन्स आणि ०.१ अंश हलणं धरलं तर ०.०८७ मिमी, म्हणजे ८७ मायक्रॉन. ऐकायला काहीच नाही. पण ३६ × २४ मिमीच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. तेव्हा चित्र चौदा-पंधरा पिक्सेल फासलं गेलं. सेन्सर त्याच दिशेला, तेवढाच, त्याच वेळी सरकला तर प्रतिमेच्या दृष्टीने काही घडलंच नाही.

हाच हिशेब ३०० मिमी लेन्सला लावला की सरकणं अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातं. सेन्सरला इकडेतिकडे जायला बॉडीत जागा मोजकीच असते, म्हणून लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये आतलं भिंग हलवण्याची पद्धत टिकून आहे. दोन्ही पद्धती एकत्र वापरणारे कॅमेरेही आहेत.

आमच्यासाठी रास्पबेरी पाय या इवल्या संगणकाचा छोटा कॅमेरा घेतोय, आयएमएक्स२१९ सेन्सरचा. त्याचा पिक्सेल फक्त १.१२ मायक्रॉनचा. त्याचं स्वतःचं इवलंसं भिंग काढायचं आणि समोर स्थिर चौकटीत जुनी ५० मिमी फिल्म कॅमेऱ्याची लेन्स बसवायची. मग ०.१ अंशाला ७८ पिक्सेल सरकतात. थरथर पडद्यावर मोठी दिसेल, आणि सुधारणाही तशीच दिसेल.

सेन्सरच्या पट्टीला प्रत्येक बाजूला दीड मिमी खेळ ठेवला, म्हणजे सव्वा-दीड अंशापर्यंतचं हलणं आरामात झेलता येईल.

३० जून

पाऊस धो-धो. कमल बस्तीत गेलो होतो. किल्ल्यातली ही जैन बस्ती १२०४ च्या सुमाराची, रट्टांच्या राजवटीत त्यांचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. मंडपात शिरलं की डोळे सरावायलाच वेळ लागतो. काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब, आणि वर छतातलं दगडी कमळ. अशा वास्तूंत तिपाई लावायला परवानगी लागते, त्यामुळे बहुतेक लोक हातातच कॅमेरा धरून काढतात. सेन्सर हलवण्याची खरी गरज इथे कळते.

माझ्या मिररलेस बॉडीवर तीच जुनी ५० मिमी लेन्स लावली. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्सचा एक तुकडाही नाही, सगळं हाताने. जुना नियम असा की हातात धरून काढायचं तर शटर एक भागिले फोकल लेंथच्या खाली नेऊ नये. ५० ला १/५० सेकंद. स्थिरीकरण चालू करून १/६ पर्यंत उतरलो. श्वास रोखून, खांबाला कोपर टेकवून काढलेल्या फोटोंत कमळाच्या पाकळ्यांच्या कडा स्वच्छ आल्या. म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट): आठपट उजेड आत आला, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवावा लागला नाही, दगडाचा पोत दाणेदार झाला नाही.

एक गोष्ट मुद्दाम तपासली. अशी लेन्स आपली फोकल लेंथ कॅमेऱ्याला सांगू शकत नाही. मेन्यूत आपण भरावी लागते. ५० च्या जागी २८ भरल्यावर कॅमेरा कमी भरपाई करायला लागला आणि १/६ चे फोटो पुन्हा फासले. १०० भरल्यावर उलटं, गरजेपेक्षा जास्त सरकून फासले. वरचं सूत्र देवळात उभं राहून पाहिल्यासारखं झालं. जुन्या लेन्स वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: लेन्सवर कोरलेला आकडाच भरायचा. क्रॉप, म्हणजे ३६ × २४ पेक्षा छोटा, सेन्सर आहे म्हणून दीडपट करून भरायचा नाही.

सेन्सर हलवण्याचं मोठेपण मला यातच वाटतं. स्थिरीकरण बॉडीत आहे, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची लेन्ससुद्धा स्थिर होते.

६ जुलै

पुतणीने विचारलं, हे पहिलं कुणी केलं. लिहून ठेवतो, शाळेत कोणीतरी विचारणारच.

लेन्समधलं स्थिरीकरण आधी आलं. कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० मिमी लेन्समध्ये दिलं. सेन्सर हलवणारा पहिला डिजिटल कॅमेरा मिनोल्टाचा डायमाज ए१, २००३. पुढच्याच वर्षी लेन्स बदलता येणाऱ्या डायनॅक्स ७डी मध्ये तेच आलं. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्याचा धंदा सोडला, तो सोनीकडे गेला, आणि सोनीच्या अल्फा १०० मध्ये ते तंत्र चालू राहिलं. पेंटॅक्स त्याच वर्षी याच वाटेवर आली. पाच अक्षांचं स्थिरीकरण ऑलिंपसने २०१२ च्या ई-एम५ मध्ये दिलं. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ते सोनीने २०१४ च्या ए७ मार्क २ मध्ये आणलं. निकॉन २०१८ मध्ये, कॅनन २०२० मध्ये. त्याच २०२० साली आयफोन १२ प्रो मॅक्समध्ये सेन्सर हलू लागला. म्हणजे लेन्समध्येच स्थिरीकरण हवं असं म्हणणाऱ्या निकॉन आणि कॅनन या दोन मोठ्या कंपन्याही शेवटी इकडे आल्या.

पाच अक्ष म्हणजे: वर-खाली झुकणं, डावी-उजवीकडे वळणं, लेन्सच्या अक्षाभोवती फिरणं, आणि सरळ आडवं व सरळ उभं सरकणं. यातलं लेन्सच्या अक्षाभोवती फिरणं भिंग हलवून कधीच सुधारता येत नाही, कारण भिंग गोल आहे, फिरलं काय नि न फिरलं काय. ते फक्त सेन्सर फिरवूनच जमतं. सरळ सरकण्याचा त्रास लांबच्या दृश्याला जवळपास नसतो. मुंगी किंवा फुलाचा परागकोश जवळून काढताना मात्र तोच सगळ्यात जास्त. जितकी वस्तू तितकीच प्रतिमा असेल तर हात ०.१ मिमी सरकला की प्रतिमाही ०.१ मिमी सरकते.

आम्ही आधी दोनच अक्ष करणार. फिरणं नंतर.

१९ जुलै, उद्यमबाग

सांगाडा तयार. हलती पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, वर सेन्सरचं बोर्ड. पट्टी तीन छर्‍यांवर तरंगते, आणि बॉलपेनमधल्या हलक्या स्प्रिंगा तिला मागच्या पाटीवर दाबून धरतात. पट्टीच्या कडांना तांब्याच्या चपट्या कॉइल, ३६ गेजची एनॅमलची तार, खडेबाजारातून आणलेली. कॉइलसमोर स्थिर चौकटीत निओडिमियमचे चपटे मॅग्नेट. कॉइलमधून प्रवाह सोडला की पट्टी सरकते, प्रवाह उलटा केला की उलटी. स्पीकरमध्ये कागदाचा शंकू हलतो तो याच तत्त्वाने. कॅमेऱ्यांतही कॉइल हलत्या भागावर आणि मॅग्नेट स्थिर भागावर ठेवायची रीत दिसते, कारण हलतं वजन जितकं कमी तितकं बरं.

छर्रे सायकलच्या फ्रीव्हीलमधले, १/८ इंची. गोलाई उत्तम. पण स्टीलचे ते स्टीलचेच. मॅग्नेट बसवल्याबरोबर तिन्ही छर्रे आपापल्या जागा सोडून मॅग्नेटला जाऊन चिकटले. अण्णांनी काही न बोलता कपाटातून एक जुनं हायब्रिड बेरिंग काढलं, फोडलं, आणि त्यातले काळे सिरॅमिकचे छर्रे माझ्या तळहातावर ठेवले. त्यांच्यावर मॅग्नेटचा काही परिणाम नाही. आकार थोडा वेगळा, म्हणून खाचा पुन्हा पाडल्या.

२ ऑगस्ट

पट्टी सरकते, पण अडखळत. थोडा प्रवाह दिला तर ढिम्म, आणखी दिला की एकदम उडी. बारीक थरथर झेलायची तर हे चालणार नाही. पाच मायक्रॉन सरक म्हटलं तर पाचच सरकायला हवं.

पट्टी उलटी करून भिंगाखाली पाहिली तेव्हा कारण दिसलं. अ‍ॅल्युमिनियम मऊ, सिरॅमिकचा छर्रा कठीण. छर्रा जिथे टेकत होता तिथे उजेडात चमकणारी खळगी पडली होती, नखाला लागणार नाही इतकी उथळ. छर्रा त्या खळगीतून बाहेर पडायलाच जास्त जोर मागत होता. उपाय म्हणून प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या कापून छर्‍यांच्या वर आणि खाली चिकटवल्या. काच कठीण आणि सपाट. अण्णांनी बोटाने पट्टी ढकलून बघितली, पुन्हा ढकलली, आणि म्हणाले, "आता बघ की, तूप लावल्यागत जाऊलालीय."

दुसरी अडचण केबलची. सेन्सरपासून निघणारी चपटी पांढरी रिबन केबल स्वतःच स्प्रिंग आहे. पट्टीच्या एका दिशेला ती सहज वाकते, दुसऱ्या दिशेला अजिबात नाही, कारण आडव्या अंगाने ती फूटपट्टीसारखी ताठ असते. लांब केबल घेतली, मोकळा वळसा दिला आणि मध्ये एकदा काटकोनात घडी घातली. म्हणजे एका दिशेची हालचाल घडीच्या अलीकडचा भाग झेलतो, दुसऱ्या दिशेची पलीकडचा. वाकणाऱ्या पट्टीची लांबी दुप्पट केली की ताठपणा एक अष्टमांशावर येतो, हे पुस्तकातलं वाक्य आज हाताला जाणवलं. खऱ्या कॅमेऱ्यांत सेन्सरमागे दुमडून ठेवलेल्या पातळ फ्लेक्स केबल दिसतात, त्यांचा आकार तसा का असतो हे पुतणीला आता सांगावं लागलं नाही.

१६ ऑगस्ट

इलेक्ट्रॉनिक्स. पट्टी कुठे आहे हे कळायला दोन लिनिअर हॉल सेन्सर (मॅग्नेटचं क्षेत्र मोजणारे) आणि पट्टीवर दोन छोटे वेगळे मॅग्नेट. कॉइलपासून लांब ठेवले, नाहीतर कॉइलचा प्रवाहच हॉल सेन्सरला फसवतो. कॅमेरा किती हलला हे कळायला एमपीयू-६०५० ही जायरोची (फिरणं मोजणारी) चिप, जी कुठल्याही प्रोजेक्टवाल्याच्या डब्यात सापडते. मेंदू म्हणजे ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर.

जायरो कोन सांगत नाही, कोन बदलण्याचा वेग सांगतो. तो वेग क्षणाक्षणाला जोडत गेलं की कोन मिळतो. या जोडण्यातच एक खोट आहे: जायरो स्तब्ध असतानाही शून्य दाखवत नाही, थोडा काहीतरी आकडा दाखवतोच, आणि चिप तापली की तो आकडा बदलतो. सेकंदाला ०.०५ अंश इतकी खोट राहिली, तरी एका सेकंदात आमच्या सेन्सरवर ३९ पिक्सेल सरकतात. म्हणून सुरुवातीला मॉडेल स्थिर ठेवून ती खोट मोजून वजा करतो, आणि फार हळू बदलणारा भाग फिल्टरने काढून टाकतो. त्या फिल्टरचा दुसरा उपयोग असा की कॅमेरा मुद्दाम वळवला तर पट्टी टोकाला जाऊन अडत नाही, हळूहळू मध्यावर परत येते. शिवजयंतीच्या चित्ररथांमागे कॅमेरा फिरवत शूटिंग करणाऱ्यांना हा गुण रोज लागतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत वळवताना फक्त वर-खालीचं स्थिरीकरण चालू ठेवायची सोय असते ती याचसाठी.

२४ ऑगस्ट

चाचणीची जागा तयार केली. हाताची थरथर दर वेळी वेगळी असते, तिच्यावर तुलना करता येत नाही. म्हणून मॉडेलच्या एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूखाली जुन्या गाडीचा वूफर. वूफरला १० हर्ट्झचा साइन सिग्नल दिला, कारण माणसाच्या हाताची नैसर्गिक थरथर ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास असते. हलणं ०.१ अंश एवढं जुळवलं. कॉलेजच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला काळ्या डब्यात एलईडी, डब्याला सुईने पाडलेलं भोक. पाव सेकंदाचा फोटो.

स्थिरीकरण बंद: ठिपक्याच्या जागी सरळ उभी रेघ, सुमारे ७८ पिक्सेल. कागदावर आलेला आकडा आणि पडद्यावरची रेघ जुळली याचा आम्हा दोघांना खूप आनंद झाला.

मग दिशा तपासली. कॅमेऱ्याचं नाक वर गेलं की प्रतिमा सेन्सरवर वर सरकते, कारण लेन्स चित्र उलटं पाडते. म्हणून सेन्सरही वरच जायला हवा. कोडमध्ये चिन्ह उलटं असेल तर रेघ दुप्पट होते. सगळ्यात आधी हे बघून घ्यावं.

चिन्ह बरोबर. स्थिरीकरण चालू. रेघ ३५ च्या आसपास. अर्ध्याहून कमी झाली, पण रेघच.

३१ ऑगस्ट

जोर वाढवून पाहिला, कॉइलला जास्त प्रवाह. रेघ तेवढीच. पीआयडीचे, म्हणजे चूक पाहून पट्टीला किती जोर द्यायचा हे ठरवणाऱ्या हिशेबाचे, आकडे बदलून पाहिले. एका मर्यादेनंतर पट्टी गुणगुणायला लागते. संध्याकाळी गणपतीच्या झांजपथकाचा सराव चालू होता आणि आवाज वरपर्यंत येत होता. त्यातल्या एकाची झांज दर ठोक्याला किंचित मागे पडत होती. तो बाकीच्यांपेक्षा जोरात वाजवत होता आणि म्हणूनच जास्त खटकत होता. पुतणी म्हणाली, "काका, आपलं पण असंच होतंय का? पट्टी पुरती सरकते, पण मागून सरकते?"

तसंच होतं. एमपीयू-६०५० च्या आत गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. आम्ही वापरत होतो ती ४२ हर्ट्झची सेटिंग. चिपच्या माहितीपत्रकात तिचा उशीर ४.८ मिलिसेकंद दिलाय. १० हर्ट्झच्या थरथरीचा एक फेरा १०० मिलिसेकंदांचा, तेव्हा ४.८ म्हणजे फेऱ्यातले १७ अंश. बरोबर तेवढ्याच मोठ्या पण १७ अंश मागे पडलेल्या हालचालीने मूळ हालचाल वजा केली, तर उरते जवळपास ३० टक्के. त्यात आमच्या कोडचा आणि पट्टीच्या जडपणाचा मिळून आणखी दोनेक मिलिसेकंद धरा: ४० टक्क्यांच्या वर. ७८ चे ४२ टक्के म्हणजे तेहतीस. आम्हाला मिळाले पस्तीस.

या प्रकल्पातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं पान हे. स्थिरीकरणाचा सगळा खेळ वेळेचा आहे. कॅमेरा कंपन्यांची इतक्या वर्षांची मेहनत चांगल्या जायरोवर आणि चपळ प्रोसेसरवर का गेली, ते या एका वजाबाकीत दिसतं.

१३ सप्टेंबर

फिल्टर सगळ्यात मोकळ्या सेटिंगवर नेला, २५६ हर्ट्झ. उशीर ०.९८ मिलिसेकंद. रेघ पंधरा-सोळावर आली.

उरलेल्या तीनेक मिलिसेकंदांसाठी पुतणीने सुंदर युक्ती केली. जायरो वेगच देतो ना? मग आत्ताच्या कोनात वेग गुणिले उशीर मिळवा, म्हणजे पट्टी पोचेल तेव्हाचा कोन आधीच हाती येतो. वेगळं काही मोजायला नको, एक गुणाकार आणि एक बेरीज. रेघ आठ-नऊ पिक्सेल. पडद्यावर ठिपका, किंचित लांबट. आता उरलेलं घर्षणाचं आहे, असा अंदाज.

७८ चे ८, म्हणजे तीन स्टॉपच्या थोडं वर. २०२० मध्ये कॅननने ईओएस आर५ साठी, लेन्स आणि बॉडी मिळून, आठ स्टॉपपर्यंतचा दावा केला. आठ स्टॉप म्हणजे २५६ पट. फ्रीव्हील आणि काचपट्टीच्या पातळीवरून तिकडे पाहिलं की त्या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

२० सप्टेंबर

आज फक्त वाचन. या तंत्राला पृथ्वीच आडवी येते. जायरोला हाताचं हलणं कळतं तसं पृथ्वीचं फिरणंही कळतं: सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). कॅमेरा आणि देऊळ दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरतायत, तेव्हा चित्राला भरपाई नकोच असते. पण जायरोला हा फरक ओळखता येत नाही आणि तो सेन्सर सरकवत राहतो. ५० मिमीला सेकंदाला सुमारे ३.६ मायक्रॉन. एरवी नगण्य, पण अनेक सेकंदांच्या एक्स्पोजरला ते दिसायला लागतं. ऑलिंपसच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये साडेसहा स्टॉपच्या पुढे जाण्यात हीच अडचण सांगितली होती. २०१९ च्या ई-एम१एक्स मध्ये ते साडेसातपर्यंत गेले.

पेंटॅक्सने हेच उलट वापरलं. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, जीपीएस आणि होकायंत्रावरून तो कुठल्या दिशेला रोखलाय हे काढायचं, आणि ताऱ्यांच्या गतीने सेन्सर सरकवत न्यायचा. तारे ठिपकेच राहतात. कणकुंबीच्या बाजूला अमावास्येला आकाश अजून काळं असतं. मुलांना हे सांगताना तिथलं नाव घेणार.

११ ऑक्टोबर

मॉडेल हलशीला नेऊन आणलं, प्रवासात टिकतं का बघायला. कदंबांची हलशी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, आत दिव्याइतकाच उजेड. मॉडेल बाहेर पारावर मांडलं तर बघ्यांची गर्दी झाली.

नेताना मोटारसायकलच होती. मॅग्नेट, हॉल सेन्सर आणि जायरो असलेल्या यंत्राला इंजिनाची सततची कंपनं मानवत नाहीत. अ‍ॅपलनेही २०२१ मध्ये सांगितलंय की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन थेट लावू नये, कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं. हे आमच्याकडच्या पोरांना सांगायलाच हवं. निम्म्या गाड्यांच्या हँडलवर मोबाइल अडकवलेला असतो. आम्ही पट्टी फोमच्या चार ठोकळ्यांनी घट्ट अडकवली, पेटी पुतणीने मांडीवर धरली. पोचल्यावर सगळं जागच्या जागी.

८ नोव्हेंबर, खानापूर तालुका

पहिली शाळा झाली. आठवी-नववीची मुलं.

वीज गेली तेव्हाच एक चांगली गोष्ट दाखवता आली. पुरवठा तुटताच पट्टी टक्कन खाली पडली. एका मुलीने लगेच विचारलं, बिघडलं का. मी माझा कॅमेरा बंद करून तिच्या कानाशी हलवला. आत खडखड वाजलं. पट्टीला धरून ठेवणारं बळ विजेचंच, वीज नाही तर सेन्सर मोकळा. काही कॅमेऱ्यांत तो बंद असताना अडकवून ठेवतात, काहींत नाही. नवीन कॅमेरा घेतल्यावर या खडखडीने घाबरून लोक दुकानात परत येतात, हेही सांगितलं.

इन्व्हर्टरवर पुन्हा सुरू केल्यावर मुलांनी वूफर काढून टाकला आणि मॉडेल स्वतःच्या हातात धरायला मागितलं. दिलं. मागच्या भिंतीवर पडदा, त्यावर फळ्याच्या कोपऱ्यातला खडूचा ठिपका. एकजण धरतो, दुसरा बटण दाबतो: चालू, बंद, चालू. ठिपका नाचायचा थांबला की सगळा वर्ग ओरडतो. पट्टीकडे वाकून बघणारे बघत होते की ती स्वतः मात्र सारखी हलतेय.

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या गावच्या कुस्तीच्या फडात हे लावलं तर पैलवान पण थांबणार काय?" प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा. नाही थांबणार. सेन्सर फक्त कॅमेऱ्याचं हलणं खोडतो, समोरच्याचं नाही. पैलवानाला जागच्या जागी पकडायचं तर शटरच वेगवान हवं, १/५०० किंवा त्याहून पुढे, आणि त्या वेगाला हाताची थरथर फारशी उरतच नाही. मग त्यानेच विचारलं, "मग देवळात चालणार, फडात नाही?" फळ्यावर त्याचंच वाक्य लिहिलं.

आणखी एकाने मॉडेल टेबलावर ठेवलं आणि स्थिरीकरण चालूच ठेवलं. पट्टी हलकेच सरकत राहिली. जायरोची उरलेली खोट. कॅमेरा तिपाईवर असेल तेव्हा स्थिरीकरण बंद करायला का सांगतात, ते त्याला त्याच्या समोरच दिसलं.

१५ नोव्हेंबर

पुढचं काम: फिरणं. आडव्या दिशेला एक कॉइल, उभ्या दिशेला दोन. उभ्या दोन्ही एकाच बाजूला ओढल्या की पट्टी सरकते, विरुद्ध ओढल्या की फिरते. म्हणजे तिसरी कॉइल, तिसरा हॉल सेन्सर, आणि पट्टीची नवी चौकट. ३६ × २४ च्या सेन्सरवर ०.१ अंश फिरलं की आडव्या कडेला ३१ मायक्रॉन फरक पडतो. आमच्या छोट्या सेन्सरवर जेमतेम तीन पिक्सेल, म्हणून दाखवण्यासाठी फिरणं मोठं, दोन अंशांचं घ्यावं लागेल. छर्रे तेच, काचपट्ट्या नव्या. ड्रॉइंग आज रात्री काढतो, सोमवारी अण्णांकडे.